बाईंचे पहिले वर्ष

आमच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून बारा वर्षे मराठी शिकवलेल्या एक बाई गेल्या वर्षी जूनमध्ये नोकरी सोडून गेल्या. निवृत्त होऊन नव्हे, की मुलाकडे परदेशी राहायला म्हणूनही नव्हे. एका जिल्ह्याच्या गावी मुलींची जुनी मिशन शाळा आहे. बाईंची आई त्या शाळेत शिकली, मावशीने तिथे शिकवले. त्या शाळेच्या कमिटीने बाईंना मुख्याध्यापिका म्हणून बोलावले आणि बाईंनी आठ दिवसांत होकार कळवला. स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न निघाला तो पगाराचा, हे वाचकांना सांगायला नकोच. पगार काही जास्त नव्हता. मग आम्ही सर्वांनी मिळून बाईंच्या त्यागाचे कौतुक केले आणि निरोपाच्या समारंभात एक घड्याळ दिले.

बाई नगरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या. वडील पेटीवर बसून नारायण वामन टिळकांची भजने म्हणत. त्यामुळे बाईंना ओवी-अभंग शिकवताना चाल कुठून आणावी हा प्रश्न कधी पडला नाही, जो मला आजही पडतो. नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे करंज्या येतात आणि दिवाळीत आमच्या चकल्या तिकडे जातात. करंजी कोणाची खुसखुशीत याबद्दल आमच्या सौभाग्यवतींचे आणि बाईंचे गेली कित्येक वर्षे एकमत झालेले नाही. ते होऊ नये अशीच मुलांची आणि माझी इच्छा आहे.

तर या बाई गेल्या दिवाळीत आल्या त्या निम्म्या झाल्यासारख्या दिसल्या. चार महिन्यांची मुख्याध्यापिका! चहा होईपर्यंत त्यांनी कौलांचा खर्च सांगितला. वसतिगृहाच्या विहिरीचा मोटारपंप सांगितला. आधीच्या बाई बावीस वर्षे त्या खुर्चीवर होत्या. त्या कधी रजेवर गेल्या नाहीत, कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत आणि कधी चुकल्या नाहीत, असे शाळेच्या शिपायापासून संगीताच्या मास्तरांपर्यंत सर्वांचे म्हणणे. "सर, एखादी फाइल मी उजवीकडून डावीकडे ठेवली तरी कोणीतरी हळूच येऊन सांगतं, 'आधीच्या बाई असं करत नसत.' मी परवा आधीच्या बाईंना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, 'मला पहिली सहा वर्षं हेच ऐकावं लागलं!'"

हे सारे हसत हसत चालले होते. पण चकलीचा तुकडा बाईंच्या हातात तसाच राहिला होता, हे आमच्या घरातून आधी ध्यानात आले. "खरं काय ते सांगा ना," असे त्या म्हणाल्या, तेव्हा बाईंनी ताटली खाली ठेवली.

नवरात्रातल्या एकाच आठवड्यात बाईंकडे दोन शिष्टमंडळे आली होती. सोमवारी पालक आले. शाळेतल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक मुली हिंदू घरांतल्या. थोड्या मुसलमान, थोड्या ख्रिस्ती. पालकांचे म्हणणे असे की, सकाळच्या प्रार्थनेत येशूचे नाव येते, ते का यावे? शुक्रवारी कमिटीतले दोघे वडीलधारे आले. त्यांचे म्हणणे असे की, दसऱ्याला मुलींनी वर्गात पाटीपूजन केले आणि नव्या बाईंनी ते करू दिले. मिशनच्या शाळेत सरस्वती कुठून आली? मुलींनी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली होती, आपण सर्वांनी लहानपणी काढलेली तीच. बाईंनी त्यांना सांगितले, "ते एकाचे आकडे आहेत. मुली गणितात इतकं मन घालणार असतील तर मला हवंच आहे." दोघांतले एकजण हसले. दुसरे हसले नाहीत. आणि दुसरेच खजिनदार होते.

पण बाईंचा घास अडला होता तो याने नव्हे. वसतिगृहातली नववीतली एक मुलगी गणपतीच्या सुट्टीत घरी गेली. जेवायला बसल्यावर तिने हात जोडले, डोळे मिटले आणि ताटापुढे दोन ओळींची प्रार्थना म्हटली. वसतिगृहात तशी रोज म्हणतात. तिची जिभेला सवय झाली होती. आजोबांनी ताट बाजूला सारले. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने ते शाळेत आले, नातीची ट्रंक, गादीची वळकटी आणि बादली घेतली आणि निघून गेले. दाखला मागितला नाही, वाद घातला नाही. "ओरडले असते तर बरं झालं असतं, सर. ते मला नमस्कार करून गेले."

मुलीला आई नाही, बाप कुठे तरी कामाला. वर्गात दुसरी येणारी. गावात आठवीपुढे शाळा नाही.

"मी काय चुकले?" बाईंनी विचारले. मग स्वतःच म्हणाल्या, "मी तिला ती प्रार्थना शिकवली नाही. म्हण म्हटलं नाही. म्हणू नको असंही म्हटलं नाही. मी काहीच केलं नाही, हीच माझी चूक का?"

मी मराठीचा मास्तर. अशा वेळी माणसे धीर देतात, मी पुस्तके काढतो. माळ्यावरून पंडिता रमाबाईंवरची दोन-तीन पुस्तके काढली आणि धूळ झटकता झटकता बाईंना १८८९ सालात नेले. त्याचे कारण असे की, बाईंना पडलेला प्रश्न महाराष्ट्रात ज्या बाईला पहिल्यांदा एवढ्या उघड्यावर सोसावा लागला, तिचेही ते शाळेचे पहिलेच वर्ष होते.

रमाबाईंचे चरित्र बहुतेकांना ठाऊक असते ते दोन टोकांचे: एका टोकाला कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली तरुण मुलगी, दुसऱ्या टोकाला केडगावचे मुक्तिसदन. मधला काळ आपण भराभर उलटतो. एकोणीस महिन्यांच्या संसारानंतर १८८२ मध्ये त्या विधवा झाल्या, मांडीवर मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून त्या तिथल्या धर्मगुरूंच्या मुठीत गेल्या असे मात्र नव्हे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी घातला. मांसाहार शेवटपर्यंत केला नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत-शिकवत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावरून बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी सडेतोड उत्तरे लिहिली. ज्या बाईने बाप्तिस्मा देणाऱ्यांचेही मुकाट ऐकले नाही, तिच्याकडून पुण्यामुंबईच्या सुधारकांनी मुकाट ऐकण्याची अपेक्षा करावी, हे मला नेहमी थोडे गमतीचे वाटत आले आहे.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो पदवीदानाचा समारंभ पाहायला. तिथे १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. असोसिएशनने दहा वर्षे पैसा पुरवायचा, रमाबाईंनी हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा चालवायची आणि शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही, असे ठरले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. उद्घाटनाच्या सभेच्या अध्यक्षा होत्या काशीबाई कानिटकर. सभेला अध्यक्ष म्हणून स्त्री, हीच त्या दिवशी नवलाई! सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी होती देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई. आठव्या वर्षी वैधव्य आलेले, आणि शाळेत आली तेव्हा विशी उलटलेली. तिचा भाऊ मुंबईत धोंडो केशव कर्वे यांच्या बिऱ्हाडी राही, त्याने तिला आणले. पुढे चार वर्षांनी, नेमक्या ११ मार्चलाच, १८९३ साली कर्व्यांनी या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या, घरच्यांच्या 'बाया'. हिंगण्याच्या आश्रमाची कथा मग सर्वांना ठाऊकच आहे. एखाद्या शाळेने पहिल्या वर्षी दुसरे काहीही केले नसते आणि नुसती ही एक मुलगी घेतली असती, तरी माझ्या हिशेबी वर्ष सुफळ झाले असते.

पण त्या वर्षाने रमाबाईंना स्वस्थ बसू दिले नाही. सदन उघडून त्या शिकवीत होत्या, बोस्टनला हिशेब पाठवीत होत्या, अमेरिकेवरचे मराठी प्रवासवर्णन छापून काढीत होत्या. आणि डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले तेव्हा त्या प्रतिनिधी म्हणून तिथे होत्या. त्याच सुमारास सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या बोलायला उभ्या राहिल्या. मंडपात गलका होता, आवाज पोचेना. शतकानुशतके तुम्ही स्त्रीचा आवाज मोठा होऊच दिला नाहीत, मग तो आज पोचत नाही याचे नवल कशाला, अशा अर्थाचे त्या बोलल्या आणि मंडप शांत झाला म्हणतात. गलक्यावर असा उतारा आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात अजून कोणाला सापडलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. सदनात मुलींना आपापला आचारधर्म पाळण्याची मोकळीक होती. सोवळे पाळावे, व्रत करावे, देव पुजावा. बायबल कोणाला वाचायला लावायचे नाही. हा करार रमाबाईंनी पाळला. पण त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, आठ वर्षांची लेक जवळ होती, आणि आपल्या खोलीत रोज त्या बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या बंद करीत नसत. मुलींना बोलवायचे नाही, आलेल्यांना हाकलायचे नाही. मुलींना तर काय, बाईंच्या खोलीत जाऊन बसायचे होते. ज्यांना घरी कोणी जवळ घेतले नव्हते, त्यांना बाई जवळ घेत होत्या. मग बाई जे करीत ते त्या पाहत.

या उघड्या दाराने पुढे महाभारत घडवले. १८८९ च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने सदनाचे वर्णन ख्रिस्ती संस्था असल्यासारखे केले आणि ते 'केसरी'च्या हाती लागले. पुण्यात गदारोळ उठला. गंमत अशी की, काही मिशनरी मंडळी नेमकी उलट बाजूने रागावलेली होती: स्वतः ख्रिस्ती असून ही बाई शाळेत ख्रिस्ताचे नाव काढू देत नाही, ही कसली ख्रिस्ती? १८९० मध्ये सदन पुण्याला आले, आणि वाद मिटण्याऐवजी आगीजवळ आले. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकरांसारखी, रमाबाईंची खरी हितचिंतक माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे बोस्टनच्या कराराची मुदत संपली आणि केडगावला रमाबाईंनी उघड उघड ख्रिस्ती संस्था उभी केली. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींची, आणि मग अंध, अपंग, टाकलेल्या बायांचीही. १९२२ मध्ये तिथेच त्या गेल्या.

"म्हणजे दार लावायला हवं होतं?" बाईंनी विचारले.

यावर मी तेव्हा जे बोललो ते आजही माझे मत आहे, म्हणून इथे लिहितो. करारात लबाडी नव्हती. पण करारातला 'तटस्थ' हा शब्द बोस्टनला एक आणि पुण्याला दुसराच होता. बोस्टनकरांना वाटे, तटस्थ म्हणजे सक्ती नाही. पुणेकरांना वाटे, तटस्थ म्हणजे परिणाम नाही. सक्ती न करण्याचे वचन कोणीही शिक्षक देऊ शकतो. परिणाम न होऊ देण्याचे वचन चांगला शिक्षक देऊच शकत नाही. तो देऊ लागला तर समजावे की वर्गात जाऊन तो नुसता हजेरी घेतो. मात्र पुण्याच्या पालकांना मी मूर्ख ठरवणार नाही. त्यांच्या मुली लहान होत्या, दुःखी होत्या, पूर्णपणे एका बाईच्या आधारावर होत्या. अशा मुलीपुढे उघडे असलेले दार हे प्रौढ माणसापुढच्या उघड्या दारासारखे नसते. रमाबाईंना हे दिसत नसेल असे मला वाटत नाही. दिसत असूनही त्यांना दार लावता आले नाही. आणि मीही त्यांच्या जागी असतो तर... पण मी त्यांच्या जागी नसतो, मी सल्लागार मंडळात असतो आणि वेळेवर राजीनामा दिला असता.

आमच्या सौभाग्यवती इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "दाराचं राहू द्या. त्या मुलीच्या घरी कोणी गेलं का?"

कोणी गेले नव्हते. फोन केला होता. आजोबा फोनवर येत नव्हते.

सुट्टी संपताच बाईंनी आधी एक काम केले. आपल्या घटनेच्या २८ व्या कलमात सरळ लिहिले आहे की, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही स्वतःच्या, आणि अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. १९५० पासून हे लिहिलेले आहे. शाळेच्या कपाटात घटनेची प्रतही होती, वर कापडी पट्टी बांधलेली. बाईंनी ते कलम सोप्या मराठीत छापून प्रत्येक घरी पाठवले. मुलीने प्रार्थनेला बसावे की नाही ते लिहून कळवा, न बसणारी मुलगी त्या वेळात वाचनालयात बसेल, तिला कोणी काही विचारणार नाही. कमिटीत बरीच खडाजंगी झाली. खजिनदार म्हणाले, उद्या सभागृह रिकामे होईल. पाचशेच्या आसपास पत्रके गेली. 'बसवू नये' म्हणून आली एकोणीस. सोमवारी आलेल्या शिष्टमंडळातल्या बहुतेकांनी 'बसू द्यावे' असेच लिहिले होते. एकाने खाली जोडले होते: 'पण आम्हाला विचारले, हे बरे केले.'

आणि मग नाताळाच्या आधी बाई एस.टी.ने त्या मुलीच्या गावी गेल्या. आजोबांनी पाणी दिले, गूळ दिला, शेतातली तूर दाखवली. मुलीचा विषय काढू दिला नाही. मुलगी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. बाई परत आल्या. हजेरीपटावरून त्यांनी तिचे नाव काढले नाही, आणि वसतिगृहातली तिची कॉट दुसरीला दिली नाही. त्यावरूनही कारकुनाने आठवण करून दिलीच की, आधीच्या बाई असे करत नसत.

मे महिन्यात बाईंचे वर्ष भरले आणि त्या आमच्याकडे दोन दिवस राहायला आल्या. शाळेची कौले झाली होती, पंप तसाच होता. या वेळी त्या मला एक व्यावसायिक प्रश्न विचारायला आल्या होत्या. आजोबांना पत्र लिहायचे होते. नववीचा अभ्यास उन्हाळ्यात करून घेते, परीक्षा शाळा पुन्हा घेईल, जूनला मुलीला पाठवा, एवढाच मजकूर. पण वर मायना काय घालावा? 'माननीय पालक' म्हणजे ऑफिसचे पत्र. 'श्री. अमुक यांस' म्हणजे नोटीस. 'तीर्थरूप' घरच्या वडिलांना. आम्ही दोघे मराठीचे एम.ए., पाऊण तास त्या एका ओळीपाशी अडून बसलो. शेवटी 'तीर्थस्वरूप आजोबांस, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे ठरले. बाई म्हणाल्या, "कमिटीने हे वाचलं तर?" मी म्हटले, "कमिटीला जुना मायना कळणार नाही." पोस्टाच्या पेटीत पत्र मीच टाकून आलो.

उत्तर जूनच्या पहिल्या आठवड्यात आले. पोस्टकार्ड, मोडीच्या वळणाचे बाळबोध अक्षर. 'मुलीस पाठवीत आहे. प्रार्थनेस बसवू नये. जेवताना तिने काय म्हणावे ते तिचे तिने ठरवावे. तूर बरी झाली, सोबत पाठवीत आहे.'

मुलगी आली, ट्रंक आली, पायलीभर तूर आली. आता ती दहावीत आहे. सकाळी सभागृहात प्रार्थना चालते तेव्हा ती उरलेल्या मुलींबरोबर वाचनालयात बसते. पण वाचनालय आणि सभागृह यांच्यामध्ये एक दार आहे, हे गेल्या महिन्यात फोनवर बाईंनी सांगितले तेव्हा मला पहिल्यांदा कळले.

"उघडं असतं की बंद?" मी विचारले.

"अर्धवट. बिजागरी गंजली आहे, सर. पुढेही होत नाही आणि मागेही. सुताराने खर्च सांगितलाय, तो कमिटीपुढे ठेवायचाय."

"मग?"

"कमिटीची सभा नाताळनंतर," बाई म्हणाल्या, आणि या वर्षी चकल्या जरा जास्त पाठवा, वसतिगृहातल्या चार मुली सुट्टीत घरी जाणार नाहीत, असे सांगून त्यांनी फोन ठेवला.